वाचकाला ओळखणारं माध्यम : किशोरवयीन मुलं, मोबाइल आणि जुन्या भीतींचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोन करून विचारलं, 'सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. मोबाइल आणि मुलांचं मन हा डॉक्टरांचा विषय. तुम्ही त्यात काय बोलणार?' प्रश्न रास्त आहे. कोणत्या मुलाला काय झालंय हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. पण या विषयाला एक इतिहास आहे, आणि त्या इतिहासाच्या जोरावर आम्ही स्वतः एकदा चुकीचं उत्तर देऊन बसलो आहोत. आज त्या उत्तराची दुरुस्ती करायची आहे.

सात-आठ वर्षं झाली असतील. असंच एक व्याख्यान होतं, विषय होता 'ग्रंथ आणि वाचक'. शेवटी प्रश्नोत्तरं सुरू झाली. तिसऱ्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, 'माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोन हातात असतो. पूर्वी बडबडी होती, आता घरात कुणाशी बोलत नाही. हे कशाने होत असेल?' आम्ही त्यांना सॉक्रेटिस सांगितला. म्हणालो, 'ताई, जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वी लिहिण्यावाचण्याबद्दलसुद्धा लोक हेच म्हणत होते.' सभागृह हसलं. बाई खाली बसल्या. आम्ही टाळ्या घेऊन घरी आलो.

तर आज दोन गोष्टी बघू. आम्ही सांगितला तो इतिहास काय होता, आणि तो खरा असूनही उत्तर चुकलं कुठे.

प्लेटोचा 'फीड्रस' नावाचा संवाद आहे. त्यात सॉक्रेटिस इजिप्तमधली एक कथा सांगतो. थ्यूथ नावाचा देव लेखनकला शोधून काढतो आणि मोठ्या उत्साहाने थामस राजापुढे ठेवतो. म्हणतो, यामुळे लोकांची स्मरणशक्ती वाढेल, लोक शहाणे होतील. राजा म्हणतो, होईल ते उलटंच. लोक लिहिलेल्यावर विसंबतील, आठवण्याची सवय जाईल, आणि ज्ञान नसताना ज्ञानी झाल्याचा भास तेवढा होईल. आता यातली गंमत अशी की, लेखनाविरुद्धची ही तक्रार आपल्यापर्यंत पोचली ती प्लेटोने ती लिहून ठेवली म्हणून! इथे श्रोते हसतात आणि बहुतेक वक्ते इथेच थांबतात. आम्हीही थांबलो होतो. पण संवाद पुढे जातो, आणि सॉक्रेटिस एक दुसरी तक्रार करतो. तो म्हणतो, लिहिलेला शब्द चित्रातल्या माणसासारखा असतो. जिवंत वाटतो, पण प्रश्न विचारला तर गप्प. शिवाय तो कुणाच्याही हाती पडतो. आपण कुणाशी बोलावं आणि कुणापुढे गप्प राहावं, हे त्याला कळत नाही. म्हणजे ग्रंथ आपल्या वाचकाला ओळखत नाही. ही दुसरी तक्रार मनात बाजूला ठेवा. तिच्याकडे परत यायचं आहे.

आता आपल्याकडे येऊ. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात बाईच्या हाती पुस्तक दिलं तर काय होईल, अशी भीती होती? तर तिचा नवरा मरेल! आज हसू येतं, पण शिकणाऱ्या पहिल्या पिढीच्या मुली या धाकाखाली वाढल्या. रमाबाई रानडे लग्न होऊन आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. न्यायमूर्तींनी त्यांना शिकवायला घेतलं आणि घरातल्याच बायकांनी त्यांना काय काय ऐकवलं, ते त्यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. इथे एक गोष्ट नीट बघायला हवी. या भीतीत त्या मुलीच्या मनाची काळजी फारशी नव्हतीच. काळजी होती ती घरातली घडी मोडेल याची. तेव्हा नव्या माध्यमाची भीती कानावर आली की पहिला प्रश्न हा विचारायचा: ही काळजी मुलाची आहे, की मोठ्यांच्या हातातून काही निसटतंय त्याची?

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं, १९५४ सालचं. फ्रेडरिक वर्थम नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. भला माणूस. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गरीब कृष्णवर्णीयांसाठी त्यांनी दवाखाना चालवला. या वर्थमसाहेबांनी 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हे पुस्तक लिहिलं. त्याचं सार काय, तर मुलं बिघडतात ती चित्रकथांच्या पुस्तकांमुळे, कॉमिक्समुळे. पुस्तक गाजलं. सिनेटच्या उपसमितीने सुनावण्या घेतल्या, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. पुढे अर्धशतक उलटल्यावर वर्थम यांची कागदपत्रं अभ्यासकांना खुली झाली. कॅरल टिली या संशोधक बाईंनी ती तपासली, तेव्हा आढळलं की साहेबांनी मुलांच्या जबान्या सोयीप्रमाणे वाकवल्या होत्या. कुठे दोन मुलांचं बोलणं एकाच्या तोंडी घातलं होतं, तर कुठे मुलाच्या घरची हलाखी गाळून सगळा दोष कॉमिक्सवर टाकला होता. हेतू चांगला, पुरावा कच्चा.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, झालं तर मग. प्रत्येक पिढी घाबरते, प्रत्येक पिढी चुकते. आम्हीही नेमकं हेच म्हणत होतो. पण इतिहासातली सोयीची उदाहरणं तेवढी उचलायची नसतात. तिसरं उदाहरण आम्ही त्या दिवशी सांगितलं नव्हतं.

१७७४ साली पंचविशीतल्या गटेने 'तरुण वेर्थरची दुःखं' ही कादंबरी लिहिली. प्रेमभंग झालेला संवेदनशील तरुण शेवटी आपलं आयुष्य संपवतो, अशी ती कथा. युरोपभर तरुणांनी ती डोक्यावर घेतली. वेर्थरसारखा निळा कोट आणि पिवळं जाकीट घालून पोरं हिंडू लागली. आणि बातम्या येऊ लागल्या की काही तरुणांनी त्याच्यासारखाच शेवट करून घेतला. लाइपझिग शहराने १७७५ मध्ये पुस्तकावर बंदी घातली, त्या पोशाखावरसुद्धा घातली. गटेलाही काळजी वाटली असावी, कारण पुढच्या आवृत्तीत त्याने वाचकाला बजावणाऱ्या ओळी घातल्या. माझ्या मागून येऊ नकोस, असा त्यांचा आशय.

ही भीतीही खोटी म्हणून सोडून द्यायची का? १९७४ साली, म्हणजे बरोबर दोनशे वर्षांनी, डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांच्या आणि मृत्यूंच्या नोंदी पडताळून पाहिल्या. पहिल्या पानावर अशी बातमी ठळकपणे छापून आली की त्यानंतर अशा मृत्यूंचं प्रमाण वाढलेलं त्याला दिसलं. त्याने या परिणामाला नाव दिलं 'वेर्थर परिणाम'. आज जागतिक आरोग्य संघटना पत्रकारांना सांगते की अशा बातम्या रंगवू नका, पद्धत वर्णन करू नका, मदत कुठे मिळते ते छापा. त्यामागे याच प्रकारचं संशोधन आहे. म्हणजे लाइपझिगच्या नगरपालकांचा उपाय वेडगळ होता, पण त्यांनी पाहिलेली गोष्ट अगदीच निराधार नव्हती.

तेव्हा इतिहास आपल्याला काय देतो? 'पूर्वीही लोक घाबरले होते' एवढ्यावरून आजची भीती खोटी ठरत नाही, खरीही ठरत नाही. दर वेळी उठून तपासावं लागतं. आम्ही त्या बाईंना उदाहरण दिलं आणि तपासणी टाळली. तर्कशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने ही चूक करावी!

मग आता तपासू. हातात आहे ती वस्तू नेमकी काय आहे?

आपण 'मोबाइल' म्हणतो, पण तो एकच एक शोध नव्हे. ती दहाएक वर्षांत एकावर एक चढलेली थप्पी आहे. २००७ मध्ये आयफोन आला. फेब्रुवारी २००९ मध्ये फेसबुकवर 'लाइक'चं बटण आलं, म्हणजे पसंती मोजता येऊ लागली आणि ती चारचौघांत दिसू लागली. २०१० मध्ये आयफोनला पुढच्या बाजूने कॅमेरा आला, म्हणजे जगाकडे रोखलेली काच आपल्याकडे वळली. त्याच वर्षी ऑक्टोबरात इन्स्टाग्राम आलं, आणि २०१२ मध्ये फेसबुकने ते विकत घेतलं. पान संपतच नाही, बोट सरकवत राहा, खालून नवं येतच राहतं, ही युक्ती २००६ मधली. आणि २०१६ पासून इन्स्टाग्रामवर मित्रांची चित्रं लागोपाठ दिसणं बंद झालं. कुणाला काय आधी दाखवायचं, हे यंत्र ठरवू लागलं.

ही शेवटची पायरी नीट बघा. आता सॉक्रेटिसची ती दुसरी तक्रार आठवा. ग्रंथ वाचकाला ओळखत नाही, ही त्याला ग्रंथाची उणीव वाटली. आज आपल्या मुलांच्या हातात, आणि आपल्याही, असं माध्यम आहे जे वाचकाला ओळखतं. बोट कुठे थांबलं, किती सेकंद थांबलं, रात्री किती वाजता थांबलं, हे ते टिपून घेतं आणि त्यावरून पुढचं पान ठरवतं. म्हणजे सॉक्रेटिसची तक्रार दूर झाली म्हणायची का? नाही. कारण त्याला हवा होता तो ओळखणारा गुरू. ज्याला शिष्य कळतो आणि शिष्याचं भलंही कळतं, असा. इथे ओळख आहे, पण ती भल्यासाठी नाही. मूल अजून थोडा वेळ थांबावं, एवढ्याच साठी आहे. कादंबरीने कधी वाचकाला वाचलं नाही. वेर्थरचं पुस्तक दुकानात पडून असायचं, माणसाला उठून तिथवर जावं लागायचं. ते रात्री दोन वाजता उशाशी येऊन 'हे बघ, तुझ्यासाठी आणखी' असं म्हणत नव्हतं.

हे अलंकारिक बोलणं नव्हे. लंडनमधली मॉली रसेल ही चौदा वर्षांची मुलगी २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये गेली. तिच्या मृत्यूची न्यायिक चौकशी २०२२ च्या सप्टेंबरात झाली. शेवटच्या सहा महिन्यांत तिने इन्स्टाग्रामवर जतन केलेल्या, पसंत केलेल्या किंवा पुढे पाठवलेल्या सुमारे १६,३०० गोष्टींपैकी २,१०० नैराश्य, स्वतःला इजा करणं आणि आत्महत्या यांविषयीच्या होत्या, असं त्या चौकशीत पुढे आलं. पिंटरेस्ट या दुसऱ्या संकेतस्थळाने तर तिला नैराश्यावरची चित्रं सुचवणाऱ्या ईमेल पाठवल्या होत्या, तुला आवडतील म्हणून. चौकशी अधिकाऱ्यांनी निष्कर्षात नैराश्याच्या बरोबरीने ऑनलाइन मजकुराच्या दुष्परिणामांचाही उल्लेख केला. मुलगी आधीच खचलेली होती, हे खरं. पण एखाद्या खचलेल्या मुलीला घरात कुणी रोज रात्री तेच तेच वाचून दाखवलं असतं, तर आपण त्याला काय म्हटलं असतं?

आता दुसरी बाजू मांडलीच पाहिजे, नाहीतर आमचाही वर्थम व्हायचा. २०१७ मध्ये जीन ट्वेंगी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी लिहिलं की २०१२ च्या सुमारापासून तिथल्या किशोरवयीन मुलांचं मानसिक आरोग्य घसरू लागलं आणि त्याचा संबंध स्मार्टफोनशी आहे. २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून अधिक मुलांची माहिती तपासली आणि म्हटलं की मुलांच्या स्वास्थ्यातला फार तर ०.४ टक्के फरक डिजिटल वापराशी जोडता येतो. बटाटे खाण्याचा संबंधही जवळपास तेवढाच निघतो! २०२४ मध्ये जोनाथन हाइट यांचं 'द अँक्शस जनरेशन' आलं आणि वाद पुन्हा पेटला. विरोधकांचं म्हणणं असं की दोन गोष्टी बरोबरीने वाढल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. गरिबी, परीक्षा, घरातली भांडणं यांचं काय? हा आक्षेप तर्काला धरून आहे.

पण सरासरीबद्दल आपल्या खेड्यातला माणूसही जाणतो. नदी सरासरी तीन फूट खोल असली, तरी बुडायला एक डोह पुरतो. ऑर्बेनबाईंनीच पुढे, २०२२ मध्ये, ब्रिटनमधल्या मुलांची माहिती वयानुसार वेगळी करून पाहिली. तेव्हा दिसलं की मुलींमध्ये ११ ते १३ आणि मुलांमध्ये १४ ते १५ या वयांत समाजमाध्यमांचा वापर वाढला, तर वर्षभराने आयुष्याबद्दलचं समाधान घटलेलं असतं. उलटंही दिसलं. जी मुलं आधी असमाधानी होती, ती नंतर फोनकडे जास्त वळली. म्हणजे हे एकेरी बाणासारखं नाही, गिरकीसारखं आहे. त्या बाईंची मुलगी तेरा वर्षांची होती, हे आम्हाला हा अभ्यास वाचताना आठवलं.

आणि हे कंपन्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगेन या फेसबुकच्या माजी कर्मचारी बाईंनी कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली. शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी सांगितलं होतं की इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटतं, असं कंपनीच्याच संशोधनात नोंदलं होतं. कंपनीचं म्हणणं पडलं की याचा विपर्यास झाला, अनेक मुलींना फायदाही होतो. तेही खरं असू शकेल. पण प्रश्न असा की जी गोष्ट तुम्ही मोजलीत, ती आईबापांना सांगितली का नाहीत?

आपल्या देशात ही लाट जरा उशिरा आली आणि एकदम आली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं आणि डेटा स्वस्त झाला. मग २०२० मध्ये कोरोना. शाळा बंद झाल्या आणि ज्या शाळा 'मोबाइल आणू नका' म्हणून पालकांना बोलावून घेत होत्या, त्यांनीच आता वर्ग मोबाइलवर भरवले. कित्येक घरांनी उधारउसनवार करून पोरांना फोन घेऊन दिले. तेव्हा आज मुलांना नावं ठेवताना एवढं आठवावं की त्यातल्या पुष्कळांच्या हातात तो फोन आपणच ठेवला, अभ्यासासाठी म्हणून.

मग करायचं काय? ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं उघडू द्यायचं नाही असा कायदा केला. तो १० डिसेंबर २०२५ पासून अमलात आला. त्याचं फळ दिसायला वेळ लागेल. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराखालची व्यक्ती म्हणजे मूल. मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं त्यात म्हटलं आहे. आमच्या मते हे कलम योग्य ठिकाणी बोट ठेवतं. ते मुलाला 'वाचू नकोस' म्हणत नाही, यंत्राला 'मुलाला वाचू नकोस' म्हणतं. अंमल कितपत होतो, ते पाहायचं.

पण कायद्याची वाट बघत घर थांबत नाही. इथे दोन उदाहरणं शेजारी ठेवतो. २०१९ मध्ये गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात एका समाजाच्या काही गावांनी ठराव केला की अविवाहित मुलींनी मोबाइल वापरायचा नाही. फक्त मुलींनी. हा रमाबाईंच्या काळचाच न्याय झाला, पुस्तकाच्या जागी फोन एवढाच फरक. दुसरं उदाहरण आपल्या सांगली जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. २०२२ पासून त्या गावात संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो. दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. आम्हाला यातली मोलाची गोष्ट दीड तास ही वाटत नाही. भोंगा सगळ्यांसाठी वाजतो, ही वाटते. बापालाही फोन ठेवावा लागतो. आणि एकट्या मुलाला फोन ठेवायला लावलं, तर त्याला वाटतं आपणच मागे राहिलो. सगळ्यांनी ठेवला, तर मागे राहायला कुणी उरत नाही.

आता त्या बाईंकडे येतो. त्यांचं नाव आम्हाला ठाऊक नाही, त्या आज इथे असण्याची शक्यताही नाही. पण असाच प्रश्न घेऊन आलेलं कुणीतरी या सभागृहात असेलच. त्यांना आम्ही आज सॉक्रेटिसचा विनोद सांगणार नाही. आम्ही म्हणू, फोन हिसकावून घेऊ नका आणि 'तुमच्या पिढीचं हे असंच' म्हणून सोडूनही देऊ नका. तिच्या शेजारी बसा आणि एकच विचारा, 'तो तुला काय काय दाखवतो, मला दाखवशील?' रागावून नको, खरंच बघायचं म्हणून. जे माध्यम तुमच्या मुलीला ओळखून आहे, ते तिला काय समजून चाललंय, हे तुम्हाला कळेल. आणि कदाचित घरात आणखी कुणीतरी आपल्याला ओळखतं, हे तिला कळेल. झोपताना फोन तिच्या उशाशी नको, तसा तुमच्याही नको. आणि ती खाणं, झोप, बोलणं सोडत असेल, जगण्याला कंटाळल्यासारखं बोलत असेल, तर वाट बघू नका. डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं. तिथे फोन करायला लाज वाटण्याचं कारण नाही.

त्या दिवशी आम्हाला टाळ्या मिळाल्या आणि बाईंना उत्तर मिळालं नाही. आज टाळ्या राहू द्या. ज्यांना काही विचारायचं असेल त्यांनी थांबावं, आम्ही बसलो आहोत.